आतल्या खोलीची ओल

श्रेयाचं शाळेचं ओळखपत्र कपाटामागं पडलं म्हणून हर्षालीनं लोखंडी कपाट एका बाजूनं पुढं ओढलं आणि ती तशीच थांबली. मागं पिवळी भिंत असायला हवी होती. तिथं छतापासून कमरेपर्यंत काळं पसरलं होतं. नीट पाहिलं तर नुसतं काळंही नव्हतं. मधे काळं, कडेनं राखाडी आणि एका जागी शेवाळासारखं हिरवं. बोट लावलं तर मऊ लागलं. ओल्या गोणपाटासारखा वास आला. कपाटाची पाठ गंजली होती आणि खाली पडलेल्या ओळखपत्राच्या दोरीवरही पांढरी लव धरली होती.

कोपऱ्यात वरच्या बाजूला थोडी बुरशी आहे, हे तिला माहीत होतं. पावसाळ्यात बऱ्याच घरांत असं होतं म्हणून तिनं लक्ष दिलं नव्हतं. पण हे एवढं कधी वाढलं? त्याच भिंतीला लागून श्रेयाचं अंथरूण असायचं आणि दुसरीतल्या त्या पोरीला श्रावणापासून खोकला होता. औषध चालू असलं की कमी व्हायचा, थांबवलं की पुन्हा सुरू.

डिंगोऱ्यातलं हे घर दोन भावांनी मिळून बांधलं होतं. खाली धाकटा भरत, त्याची बायको हर्षाली आणि त्यांची मुलगी श्रेया. वर थोरला संपत आणि त्याची बायको रत्ना. त्यांचा मुलगा पुण्याला शिकायला होता. संपत शेती बघायचा. भरत आळेफाट्याला एका गॅरेजमध्ये वेल्डिंगचं काम करायचा, आणि हर्षाली ओतूर रस्त्यावरच्या रोपवाटिकेत टोमॅटोची, मिरचीची रोपं तयार करायच्या कामावर होती. घराच्या मागं गोठा आणि त्याच्यापलीकडं ऊस.

संध्याकाळी भरत आला. त्यानं मोबाईलच्या उजेडात भिंत पाहिली, मग मान वर करून छताकडं पाहिलं.

"या कोपऱ्याच्या वर काय येतं?"

"रत्नाताईंची खोली, आणि तिला लागूनच त्यांचं बाथरूम," हर्षाली म्हणाली.

तो हातपायही न धुता जिना चढला. हर्षाली मागून गेली. संपत नुकताच रानातून आला होता.

"दादा, तुमच्या बाथरूमचं पाणी आमच्या भिंतीत उतरतंय," भरत म्हणाला.

"बघू की. गवंड्याला बोलावू."

"गवंडी येईल तवर पोरीनं खोकत बसायचं का?"

रत्ना आतून बाहेर आली. "भरत, आमी काय मुद्दाम सोडतोय व्हय पाणी?"

"मुद्दाम न्हाई म्हणत मी, वहिनी. पण तुमची आंघोळ माझ्या पोरीच्या छातीत उतरतीय, एवढं खरं."

हे वाक्य हर्षालीला लागलं. तिनं रत्नाकडं पाहिलं, पण रत्ना तिच्याकडं पाहत नव्हती. संपत उठला, बाथरूमच्या पाण्याचा कॉक बंद केला, बादली-तांब्या बाहेर काढला, दाराला कुलूप घातलं आणि किल्ली भरतच्या हातात दिली.

"घे. आजपासून हितं एक थेंब पडणार न्हाई. वाळू दे तुझी भिंत."

भरतनं किल्ली खाली आणून दाराजवळच्या खिळ्याला अडकवली. दुसऱ्या दिवसापासून वरची दोघं गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या आडोशाला आंघोळ करू लागली. रत्ना पहाटे उठणारी. अंधारात तिच्या बादलीचा आवाज आला की हर्षालीला जाग यायची. आधी दोघी जावा सकाळचा चहा पायरीवर बसून एकत्र घ्यायच्या. तो बंद झाला. श्रेया मात्र शाळेतून आली की वर जायचीच. "मोठी आई लाडू देती," एवढंच ती सांगायची आणि हर्षाली तिला अडवत नव्हती.

त्या आठवड्यात भरतनं आणखी एक काम केलं. बुरशी म्हणजे बुरशीच, पिकावर येते तशी भिंतीवर आली, असा त्याचा हिशेब. मित्राकडून त्यानं टोमॅटोच्या करपा रोगावर मारायचं औषध आणलं आणि पाठीवरच्या पंपानं भिंतीवर मारलं. हर्षाली कामावरून आली तर घरभर वास. काळा थर मात्र खरंच मेला, फडक्यानं पुसला तर निघाला. भरत खूष झाला. पण श्रेयाचा खोकला त्या वासानं इतका वाढला, की दुसऱ्या दिवशी तिला ओतूरला डॉक्टरीणबाईंकडं न्यावं लागलं.

बाईंनी छाती तपासली आणि विचारलं, "घरात ओल आहे का? बुरशी?"

हर्षालीनं सगळं सांगितलं. बाईंनी कपाळाला आठी घातली.

"ते औषध पानासाठी असतं, माणसाच्या खोलीसाठी नाही. पुन्हा घरात मारू नका. आणि आजपासून हिला दुसऱ्या खोलीत झोपवा."

"मग भिंतीला काय लावायचं?"

"लावायचं नंतर बघा. आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. पाणी थांबलं नाही तर काहीही लावा, बुरशी परत येणार."

श्रेयाचं अंथरूण पुढच्या खोलीत गेलं. पाऊस थांबला, नवरात्र झालं, दिवाळी आली. वरचं बाथरूम तेव्हापासून कोरडं होतं. आता भिंत वाळेल म्हणून भरत रोज कोपऱ्याकडं पाहायचा. दिवाळीनंतर थंडी पडली, आणि एका सकाळी हर्षालीला पुसलेल्या जागेवर पुन्हा बारीक काळे ठिपके दिसले. दोन-चार दिवसांत ते एकमेकांना जाऊन मिळाले.

"स्लॅबमध्ये मुरलेलं पाणी असंल. निघायला येळ लागतो," भरत म्हणाला.

हे मात्र हर्षालीच्या डोक्यातून जाईना. पाऊस नाही. वर थेंब नाही. हवा इतकी कोरडी की ओठ फुटतायत. मग ही भिंत पिते काय?

त्याच आठवड्यात रोपवाटिकेत मिरचीच्या रोपांना मर लागली. कालपर्यंत उभी असलेली कोवळी रोपं मुळाच्या वर मऊ पडून ट्रेमध्ये आडवी झाली होती. मालक ज्ञानेश्वर रांगेतून फिरत होता. हर्षालीनं विचारलं, आपल्याकडून पाणी जास्त दिलं गेलं का?

"पाणी न्हाई जास्त झालं," तो म्हणाला. "थंडी पडली म्हणून बाजूचे पडदे कुणीतरी दोन दिवस सोडून ठेवलेत. हवा कोंडली. ते बघ." त्यानं खांबाला टांगलेल्या गोल यंत्राकडं बोट दाखवलं. हवेत ओल किती आहे ते त्याच्यावर काट्यानं कळायचं. काटा पार टोकाला गेला होता.

हर्षालीनं वर पाहिलं. प्लास्टिकच्या छताला आतल्या बाजूनं थेंब लटकले होते, आणि मधूनच एखादा सुटून ट्रेवर पडत होता.

"हे पाणी कुठनं आलं?" तिनं विचारलं. "बाहेर तर काय न्हाई."

"बाहेरनं कशाला येतंय? रोपांनी सोडलेलं, ट्रेमधनं उठलेलं. आत ऊब आणि प्लास्टिक गार. वाफ तिथं जाऊन चिकटती. तू एवढी वर्षं बघतीस की."

ती खरंच एवढी वर्षं पाहत होती. रोज सकाळी पडदे उघडायचे, हे तिच्या हाताला सवयीचं होतं. पण त्या थेंबांकडं पाहताना तिला एकदम घरची आतली खोली आठवली, आणि पुढचं ज्ञानेश्वर काय बोलला ते तिला ऐकूच आलं नाही. सुटायच्या वेळी तिनं ते यंत्र चार दिवसांसाठी मागितलं. त्याच्याकडं दुसरं होतं. तो म्हणाला, "ने. पण घरी कशाला पायजे?"

"भिंतीला मर लागलीय," ती म्हणाली.

रोपवाटिकेतल्या जुन्या प्लास्टिकचा तुकडाही तिनं बरोबर नेला. घरी गेल्यावर कोपऱ्यातली एक जागा ओल्या फडक्यानं पुसली, वाळू दिली आणि त्यावर तो तुकडा ताणून चारी बाजूंनी चिकटपट्टीनं पक्का बसवला. भरत दारात उभा राहून पाहत होता.

"हे काय चाललंय?"

"पाणी भिंतीतनं येत असंल तर प्लास्टिकच्या मागं साठंल. खोलीतनं येत असंल तर पुढं."

"खोलीत पाणी कुठंय?"

"तेच बघायचंय."

सकाळी ती डोळे उघडताच कोपऱ्याकडं गेली. प्लास्टिकच्या पुढच्या बाजूला बारीक थेंबांची जाळी होती. तिनं बोट फिरवलं, बोट ओलं झालं. मग एक कोपरा उकलून आत पाहिलं. भिंतीकडची बाजू कोरडी. तिनं पुन्हा चिकटवलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी भरतनंही गुपचूप बोट लावून पाहिलेलं तिनं स्वयंपाकघरातून पाहिलं.

आता तिला चैन पडेना. ते गोल यंत्र ती घरभर घेऊन फिरू लागली. पुढच्या खोलीत काटा खाली, स्वयंपाकघरात भात शिजायला लागला की वर. भरत गॅरेजातून आला की कढत पाण्यानं अंगाचा काळा मळ धुवायचा. ते बाथरूम आतल्या खोलीलाच लागून. त्यानं दार उघडलं की वाफेचा लोट खोलीत यायचा आणि काटा झपकन चढायचा. पंख्याखाली वाळत घातलेले कपडे. तेही तिचंच काम, कारण कामावरून येईपर्यंत ऊन जायचं. आणि काही न करता ती दोघं नुसती दार लावून झोपली, तरी सकाळी काटा रात्रीच्या वर असायचा. आपल्या श्वासातसुद्धा पाणी असतं, हे तिनं शाळेत वाचलं होतं. ते कधी असं डोळ्यांसमोर येईल, असं मात्र वाटलं नव्हतं.

भरतची एकच शंका राहिली. ती तिला बरोबर वाटली.

"वाफ तर सगळ्या खोलीत असंल. मग सगळी खोली का न्हाई काळी झाली? तोच कोपरा कसा?"

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या आधी तिनं हाताचा तळवा भिंतींना लावत खोलीला एक फेरी मारली. स्वयंपाकघराकडची भिंत कोमट. बाहेरची, उत्तरेकडची गार. आणि जिथं खांब आणि तुळई एकत्र येत होती, तो कोपरा असा गार की हात काढून घ्यावासा वाटला. तिथं ऊन कधीच पोचत नव्हतं. त्यात कपाट इतकी वर्षं भिंतीला घासून उभं असायचं, त्यामुळं त्याच्यामागं वारंही नाही. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला बाहेरून घाम येतो तसा हा कोपरा घामेजत होता.

तिथंच उभं असताना तिला आणखी एक गोष्ट सुचली. घर बांधून चार पावसाळे झाले होते. पहिले दोन पावसाळे ही भिंत कोरी होती. थंडी तेव्हाही होती, आंघोळी तेव्हाही होत्या. मग मागच्या वर्षी काय बदललं?

ती खिडकीकडं वळली. खिडकी दिसत नव्हती. तिच्यावर बाहेरून पत्रा मारलेला होता. बाथरूमच्या झरोक्यालाही पत्रा.

मागच्या वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी, दिवेलागणीला, बिबट्यानं पडवीतून कुत्रं नेलं होतं. श्रेया तेव्हा खिडकीत बसून त्या कुत्र्याशी बोलत होती. पोरीनं सगळं पाहिलं. ती ओरडली नाही, रडली नाही, दोन दिवस बोललीच नाही. तिसऱ्या दिवशी भरतनं गॅरेजातून पत्रे आणले आणि खालच्या मजल्याची उसाकडची प्रत्येक खिडकी, प्रत्येक झरोका बंद करून टाकला. त्या रात्री श्रेया झोपली. त्यानंतर पत्र्यांचा विषय घरात कुणी काढला नव्हता.

रात्री जेवताना हर्षालीनं हे भरतला सांगितलं. त्यानं हातातला घास ताटात ठेवला.

"म्हंजे पत्रे काढायचे म्हणतीस."

"हवा तर आली पायजे."

"आणि पोरगी? ती झोपंल का त्या खोलीत पुन्हा?" त्यानं आवाज खाली आणला. श्रेया पुढं टीव्ही पाहत होती. "मला तिचं ते गप बसणं पुन्हा बघायचं न्हाई, हर्षाली. भिंत काळी असंल तर असू दे. रंग मारू."

मग हर्षालीला कळलं, की भरतला पाणी कुठून येतं ते कळलेलं होतं. त्याला फक्त ते वरून यायला हवं होतं.

चार-पाच दिवस असेच गेले. एके सकाळी नुकतं उजाडत असताना ती दुधाची किटली घेऊन गोठ्याकडं गेली. आडोशाजवळ रत्ना उभी होती. केस ओले, अंगावर शाल, हातात रिकामी बादली. ती खाली चिखलाकडं पाहत होती.

"काय झालं ताई?"

रत्नानं बोट दाखवलं. आंघोळीच्या पाण्यानं झालेल्या चिखलात गोल, ठसठशीत पंजे उमटले होते. ते उसाकडून येत होते, आडोशाला वळसा घालून गोठ्याकडं गेले होते आणि तिथून पुन्हा उसात.

"मी आले तवा न्हवते," रत्ना म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "न्हाऊन वर गेले, शाल घेतली, बादली न्यायची राहिली म्हणून आले. तर हे."

हर्षाली तशीच घरात गेली. भरत अजून झोपला होता. तिनं खिळ्याची किल्ली काढली, बाहेर येऊन रत्नाच्या हातात दिली.

"ताई, आजपासून वर आंघोळ करा."

"भरतनं सांगितलं?"

"न्हाई. मी सांगतेय. तुमचं पाणी खाली येतच न्हाई. मी बघितलंय."

रत्नानं किल्लीकडं पाहिलं, मग तिच्याकडं. "कधी कळलं तुला?"

"आठ दिवस झाले असतील."

"आठ दिवस. आणि मी अंधारात हितं येत व्हते."

"यांना पटल्याशिवाय कसं बोलायचं, म्हणून थांबले," हर्षाली म्हणाली. "चुकलंच माझं."

गोठ्यातली म्हैस सुखरूप उभी होती, तिच्या पाठीवर हात ठेवून रत्नानं विचारलं, "बघितलंस म्हंजे काय बघितलंस? दाखव मला."

दोघी आतल्या खोलीत आल्या. रत्नानं प्लास्टिकवरचे थेंब बोटानं टिपले, प्लास्टिक उकलून मागची भिंत चाचपली, कोपऱ्याला तळवा लावला आणि तिथून उचलून स्वयंपाकघराच्या भिंतीला लावला. तिच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू कुठंतरी बाजूला झाला. तिथं वेगळंच काहीतरी आलं.

"हाच कोपरा वर आमच्याबी खोलीत हाय," ती म्हणाली. "तीच भिंत, तोच खांब. आमच्याकडं का न्हाई काळं?"

"तुमच्या खिडक्या उघड्या असतात."

"खरं का ते बघू. आण ते घड्याळ."

त्या यंत्राला रत्ना शेवटपर्यंत घड्याळच म्हणत राहिली. दोघींनी ते वर नेऊन त्याच कोपऱ्यात टांगलं. भरत आवाजानं उठून मागं आला, तेव्हा त्याला दोघी जावा माना वर करून काट्याकडं पाहताना दिसल्या. संपत दारात दात घासत उभा होता. काटा हळूहळू खाली सरकत खूपच खाली येऊन थांबला. खालच्यापेक्षा किती खाली, ते भरतला आता कुणी सांगायची गरज नव्हती. त्यानंही ते रोज पाहिलं होतं.

मग त्याला पंज्यांचं कळलं. तो खाली जाऊन पाहून आला. वर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"दादा, मी लई बोललो तुमाला."

"बोललास," संपत म्हणाला. त्यानं चूळ भरली, टॉवेलनं तोंड पुसलं. "वहिनीला बोललास, ते वाईट वाटलं. माझं काय न्हाई."

भरत रत्नाकडं वळला, तशी तीच म्हणाली, "ऱ्हाऊ दे आता. त्या पत्र्यांचं काय करायचं ते बघा दोघं."

रविवारी दोघा भावांनी खिडकीचं माप घेतलं. भरतनं गॅरेजात जाड लोखंडी पट्ट्यांची चौकट केली, तिला आतून सळया आणि बाहेरून बारीक चौकोनाची जाळी जोडली. बाथरूमच्या झरोक्यालाही तशीच, आणि त्यात वाफ बाहेर ओढणारा लहान पंखा. चौकट इतकी जड झाली की पत्रा काढून ती भिंतीला बसवताना संपतनं खांदा लावून धरली आणि भरतनं बोल्ट आवळले. तेवढ्या वेळात ते दोघं पुष्कळ बोलले, बहुतेक बोल्टबद्दलच.

श्रेया लांब उभी होती.

"वाघ जाळी ओढंल," ती म्हणाली.

भरत दोन्ही हातांनी जाळी धरून लोंबकळला. पाय उचलले. चौकट हलली नाही. मग त्यानं तिला जवळ बोलावलं.

"तू बघ ओढून."

तिनं ओढून पाहिलं. जाळीच्या चौकोनात बोट घातलं, तेवढंच गेलं. "पंजा न्हाई जाणार," तिनं जाहीर केलं, तरी त्या रात्री ती वर मोठ्या आईजवळच झोपली. घाई कुणीच केली नाही.

भिंत साफ करायचं काम दोघी जावांनी हातात घेतलं. त्या दिवशी श्रेयाला संपतबरोबर रानात पाठवलं होतं. खोलीचं घरातलं दार लावून खालच्या फटीत ओली गोधडी कोंबली, खिडकी सताड उघडली, तोंडाला मास्क, हातात मोजे. भरत मदतीला आला आणि तारेच्या ब्रशनं कोरडंच खरवडायला लागला. काळी धूळ उन्हाच्या तिरिपेत भुरभुर उडताना दिसली, तशी हर्षालीनं त्याचा हात धरला.

"कोरडं न्हाई. हे उडून छातीतच जायचं. आधी भिजवायचं."

साबणाच्या पाण्यानं भिंत आधी ओली केली, मग फडक्यानं वरून खाली पुसत आणलं. घाण झालेलं फडकं परत बादलीत न बुडवता सरळ पिशवीत टाकत गेल्या. पिशव्या भरल्या की तोंड बांधून बाहेर. कोपऱ्यात प्लास्टर मऊ पडलं होतं, तेवढं भरतनं ओलं करून उतरवलं. कपाटावर गुंडाळून ठेवलेली कापसाची गादी उलगडली, तर आतपर्यंत काळे ठिपके. हर्षालीला ती माहेराहून मिळालेली. तिनं एकदा तिच्यावरून हात फिरवला आणि दोन्ही टोकं धरून रत्नाबरोबर बाहेर नेली.

मग खोली नुसती उघडी ठेवली. रंगाची घाई भरतला होती, पण काटा रोज थोडा खाली येतोय, हे पाहायची गोडी आता त्यालाही लागली होती. भिंत पुरती वाळल्यावर नवं प्लास्टर झालं, आणि तेही वाळल्यावर चुन्याचा हात. कपाट भिंतीपासून वीतभर पुढं ठेवलं. कपडे वाळवायची दोरी वर गच्चीवर गेली. सकाळी रत्ना घालायची, ऊन उतरायच्या आत तीच काढायची.

श्रेया संक्रांतीनंतर आपल्या खोलीत आली. पहिल्या रात्री तिनं दोनदा उठून जाळीला हात लावला. खोकला एकदम गेला नाही. थंडीच्या दिवसांत मधूनच यायचा, पण औषध थांबवलं तरी पुन्हा वाढला नाही. डॉक्टरीणबाईंनी छाती ऐकली आणि यावेळी काही लिहून दिलं नाही. कोपऱ्यात एकदा, पाहुणे येऊन गेल्यावर, चार बारीक ठिपके आले. हर्षालीनं ते पुसले आणि त्या दिवशी खिडकी कुणी बंद ठेवली होती ते विचारलं. भरतनं हात वर केला.

ज्ञानेश्वरचं यंत्र परत गेलं होतं. हर्षालीनं स्वतःसाठी तसलंच एक आळेफाट्याहून आणवलं. गावात दोन-तीन घरी तिला भिंत दाखवायला बोलावलं. एका ठिकाणी छताची कौलं फुटलेली होती, तिथं यंत्राची गरजही नव्हती. दुसऱ्या ठिकाणी मात्र तिला काही कळलं नाही, आणि तिनं तसं सांगितलं.

फाल्गुनात रत्ना तिला घेऊन आपल्या माहेरी, लोणीला गेली. तिच्या भावाच्या नव्या घरात भिंतीला पांढरी बुरशी आल्याचं तो फोनवर सांगत होता. एसटीतून उतरून दोघी चालत घरी पोचल्या. चहा व्हायच्या आधीच हर्षाली भिंतीपाशी गेली. जमिनीपासून गुडघाभर उंचीपर्यंत पांढरं, कापसासारखं फुललेलं होतं. वरची भिंत स्वच्छ. खिडक्या मोठ्या, सगळ्या उघड्या. यंत्राचा काटा पार खाली, बाहेरच्या रखरखीत हवेइतकाच.

"मग ओल कुठंय?" रत्नानं विचारलं.

हर्षाली उकिडवी बसली. तिनं बोट तांब्यातल्या पाण्यात बुडवून त्या पांढऱ्या लवीला लावलं. ती बुरशीसारखी पसरली नाही. मीठ विरघळावं तशी बोटाखाली नाहीशी झाली. तिनं पुन्हा एका जागी लावून पाहिलं. पुन्हा तेच.

"ताई, ही बुरशी न्हाई."

"मग काय हाय?"

"ठाऊक न्हाई." ती तशीच बसून भिंतीच्या पायथ्याकडं पाहत होती. रत्नाही पदर खोचून तिच्याशेजारी बसली. आतून भावजय चहाला हाक मारत होती. हर्षालीनं वळून रत्नाच्या भावाला विचारलं, "भाऊ, हे घर बांधताना पाणी कुठलं वापरलं व्हतं? विहिरीचं गोडं, का बोअरचं खारं?"